रडू येणं आणि रडवणं

2013 सालचा उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, 29 मार्चला आला होता. दुष्काळाचं वर्ष. जालन्यात नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नव्हता, मोसंबीच्या बागा उभ्या वाळत होत्या, आणि टँकर आला की गल्लीत घागरी-हंड्यांचा नुसता कल्लोळ उठायचा. उत्तम शुक्रवारी आमच्याकडे बारा ते तीन उपासना असते. वधस्तंभावर, म्हणजे क्रुसावर, येशूनं काढलेल्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. पाचवा उद्गार एका निवृत्त पाळकांकडे (धर्मगुरूंकडे) होता: "मला तहान लागली आहे."

त्यांनी वचन वाचलं, बायबल मिटलं आणि थोडा वेळ काही बोललेच नाहीत. लाइट गेलेली, पंखे बंद. मग म्हणाले, "या वाक्याचा अर्थ यंदा मी सांगायला नको. पण जवळ उभ्या असलेल्यांनी काय केलं ते येशूचं चरित्र सांगणाऱ्या योहानानं लिहून ठेवलंय. तिथं आंबेनं, म्हणजे आंबट द्राक्षारसानं, भरलेलं भांडं होतं. त्यांनी त्यात स्पंज बुडवून त्याच्या तोंडाला लावला. जे हाताशी होतं ते दिलं." अजून दोन-चार वाक्यं बोलून ते खाली उतरले. पुढच्या बाकांवरच्या बायकांनी पांढऱ्या पदरांनी डोळे पुसले. चर्चच्या बोअरला तेव्हा थोडं पाणी होतं. त्याच संध्याकाळपासून फाटकाबाहेर एक ड्रम भरून ठेवायचं ठरलं, गल्लीतल्या कुणीही न्यावं म्हणून. त्यासाठी मीटिंग झाली नाही, कुणी आवाहनही केलं नाही.

त्याच उपासनेत आधीच्या एका उद्गारावर बोलणाऱ्या पाहुण्या वक्त्यांनी खिळ्यांचं वर्णन केलं होतं. खिळा किती लांब, हातोडा कसा पडला, हाड कसं वाजलं. प्रत्येक घावाला ते व्यासपीठावर मूठ आपटत होते. लोक तेव्हाही रडले, कदाचित जास्तच रडले. माझ्या शेजारी बसलेल्या, दुसरी-तिसरीतल्या पोराने दोन्ही कानांवर हात ठेवले आणि आईच्या मांडीत तोंड खुपसलं.

तेव्हापासून मी या दोन रडण्यांचा विचार करत आले आहे. मी शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या मुलांच्या वर्गात, शिकवते, त्यामुळे हा विचार मला टाळताही येत नाही. शुभवर्तमान कोरडेपणानं सांगता येतं असं मानणाऱ्यांतली मी नाही. ज्या संदेशानं काळीज हललं नाही तो पोचलाच नाही, असंच मला वाटतं. पण काळीज कशानं हललं, हे विचारायला हवं. वचनानं, की वचनाच्या बाजूला केलेल्या आवाजानं?

शुभवर्तमानं, म्हणजे बायबलमधली येशूची चार चरित्रं, उघडून पाहा. चारही जणांनी वधस्तंभाची गोष्ट सविस्तर सांगितली आहे. चिठ्ठ्या टाकून कपडे कसे वाटून घेतले ते सांगितलं, वर लावलेली पाटी किती भाषांत होती ते सांगितलं, आजूबाजूचे लोक काय काय बोलले ते सांगितलं. पण खिळण्याचा तो क्षण मार्क एका वाक्यात उरकतो: त्यांनी त्याला वधस्तंभावर खिळले. बस्स. खिळ्यांच्या खुणांचा उल्लेख येतो तो नंतर, पुनरुत्थानाच्या गोष्टीत, थोमा या शिष्याच्या तोंडी. ही माणसं येशूवर जीव टाकणारी होती. त्यांना दुःख नव्हतं म्हणून त्यांनी हात आखडता घेतला असं कोण म्हणेल? त्यांनी ऐकणाऱ्याला जागा ठेवली. दुःख करायचं तर ज्यानं त्यानं आपलं करावं.

आपण मराठवाड्यातली माणसं आहोत, आणि भावना ही आपल्याकडे विलायतेहून आलेली नाही. नामदेवांचं नर्सी, जनाबाईंचं गंगाखेड, एकनाथांचं पैठण याच मातीत आहे. "नाचू कीर्तनाचे रंगी, ज्ञानदीप लावू जगी" या नामदेवांच्या एका ओळीत नाचणं आणि दिवा लावणं शेजारी शेजारी बसलंय. नारदीय कीर्तनाची बांधणी पाहिली तरी हेच दिसतं. आधी पूर्वरंग, म्हणजे एक अभंग घेऊन त्याचं निरूपण. मग उत्तररंग, म्हणजे आख्यान. श्रोते हसतात-रडतात ते बहुतेक आख्यानात, पण तिथवर पोचेपर्यंत बुवांनी त्यांना अर्थाच्या वाटेनं चालवत आणलेलं असतं. निरूपण कच्चं राहिलं तर आख्यान कितीही रंगो, जुनी खोडं उठून जाताना म्हणतात, "आज बुवांनी नुसतं खेळवलं."

ख्रिस्ती प्रचारकांपैकी ज्यांना हे कळलं त्यांनी ते उचललं. तेव्हाच्या अहमदनगरातल्या कृष्णराव रत्नाजी सांगळ्यांनी एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग-ओवीत ख्रिस्ताला माउली म्हटलं आणि आमच्या उपासनेची भाषाच बदलून टाकली. त्याआधी मिशनऱ्यांचा संदेश म्हणजे तीन मुद्दे, प्रत्येकाला उपमुद्दे, आणि शेवटी उपदेश. तो खोटा नव्हता. पण शेतातून थेट आलेल्या माणसाला तो ऐकून घरी काय न्यावं ते कळत नसे.

माझी आजी भोकरदनकडच्या एका खेड्यातली. जालन्याजवळ बेथेल वसवणाऱ्या नारायण शेषाद्रींचं नाव तिच्या घरात घरच्या माणसासारखं घेतलं जायचं. हे शेषाद्री ब्राह्मण घरातले, 1843 साली मुंबईत बाप्तिस्मा झालेले. पुढे निजामाच्या राज्यात येऊन त्यांनी ख्रिस्ती झालेल्या गोरगरिबांसाठी गाव उभं केलं. आजीला अक्षर येत नव्हतं. तिला जे बायबल येत होतं ते भजनातून. रात्री जेवणं झाल्यावर टाळ, ढोलकी निघायची आणि उधळ्या पुत्राची, म्हणजे पैसा उधळून घरी परतणाऱ्या मुलाची, गोष्ट गाऊन सांगितली जायची. बाप लांबूनच पोराला ओळखतो या ठिकाणी आजी हमखास थांबायची. म्हणायची, "लांबून वळखलं म्हंजे रोज वाटंकडं बघत आसंल की नाही त्यो?" लूकाच्या पंधराव्या अध्यायात एवढंच आहे की तो दूर आहे तोच बापानं त्याला पाहिलं. रोज वाट पाहण्याची गोष्ट आजीनं त्यातून काढली. तिचा थोरला लेक मुंबईला गेलेला, वर्ष वर्ष पत्र नसायचं. डोळ्यांत पाणी यायचं, पण ते यायचं त्या वाक्याचा अर्थ तिला तिच्या उंबऱ्यावरून दिसला म्हणून. त्या पाण्यात तिची समज होती. भावना एकीकडे आणि ज्ञान दुसरीकडे अशी वाटणी करणाऱ्यांना मला आजीचं हे रडणं दाखवावंसं वाटतं.

आता जागोजागी उज्जीवन सभा, म्हणजे विश्वास पुन्हा जागवण्याच्या सभा, होतात. मांडव, मोठे स्पीकर, की-बोर्ड. वक्त्यांनी प्रार्थना सुरू केली की की-बोर्डवाला एक सूर धरून ठेवतो, आवाजाला एको दिलेला असतो, आणि वक्त्यांचा स्वर चढत जातो. या सभांकडे नाक मुरडून पाहणं मला जमत नाही, कारण तिथं जाणाऱ्या बायकांना मी ओळखते. कुणाचा नवरा पिऊन येतो. कुणी ऊसतोडीची उचल घेऊन बसलंय आणि ती फिटत नाही. कुणाच्या घरात फवारणीचं औषध पिऊन माणूस गेलाय. या बायांना घरात रडायलाही कोपरा नसतो. त्या मांडवात त्यांना मोठ्यानं रडता येतं, आणि शेजारची बाई पाठीवर हात ठेवते. ज्या मंडळीत आपण त्यांना ही जागा दिली नाही, त्या मंडळीनं त्यांच्या सभेला जाण्यावर टीका करू नये.

माझा आक्षेप पुढे आहे. सभा संपल्यावर आयोजक म्हणतात, "आज फार काम झालं, सगळा मांडव रडत होता." कामाचं माप रडणं हे कुणी ठरवलं?

ऑगस्टीन या पाचव्या शतकातल्या बिशपांनी एक अनुभव लिहून ठेवलाय. आजच्या अल्जीरियात असलेल्या कैसरिया नावाच्या शहरात एक भयंकर रीत होती. वर्षातून ठरावीक दिवसांत गावाचे दोन तट पडायचे, भाऊ भावाविरुद्ध, बाप मुलाविरुद्ध, आणि दगडफेक व्हायची. माणसं मरायची. ऑगस्टीन त्याविरुद्ध बोलले. लोकांनी वाहवा केली, तेव्हा त्यांना वाटलं, अजून काही झालेलं नाही. यांना बोलणं फक्त आवडलंय. लोक रडू लागले तेव्हा त्यांना आशा वाटली. गोष्ट इथेच थांबली असती तर आयोजकांचं म्हणणं खरं ठरलं असतं. पण ऑगस्टीन पुढे लिहितात की आठ वर्षं, किंवा जास्तच, होऊन गेली आणि तिथं पुन्हा तसा प्रकार झालेला नाही. रडण्याची साक्ष त्यांनी आठ वर्षांनी नोंदवली.

अमेरिकेत 1740 च्या दशकात मोठं उज्जीवन झालं. लोक सभेत ओरडायचे, कोसळायचे. त्या उज्जीवनाचे पुढारी असलेल्या जोनाथन एडवर्ड्स यांनी 1746 मध्ये या विषयावर अख्खा ग्रंथ लिहिला. खरा धर्म बराचसा अंतःकरणाच्या ओढीतच असतो, असं त्यांचं ठाम मत. तरीही अंग थरथरलं, अश्रू आले, वचनं आठवू लागली, यावरून देवाचं काम झालं असंही ठरत नाही आणि झालं नाही असंही ठरत नाही, हे त्यांनी तितक्याच ठामपणे मांडलं. खूण शोधायची ती माणसाच्या वागण्यात, आणि तीही दीर्घकाळच्या. उज्जीवनाच्या बाजूनं उभा असलेला माणूस हे म्हणतो, म्हणून मला ते मोलाचं वाटतं.

आणि बायबलमध्ये तर हे नहेम्याच्या आठव्या अध्यायात जसंच्या तसं आहे. पाणीवेशीपुढच्या चौकात लोक जमले. एज्रा हा शास्त्री लाकडी मंचावर उभा राहून पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचत होता, आणि लेवी, म्हणजे मंदिरातले सेवक, जमलेल्यांना त्याचा अर्थ समजावून सांगत होते. अर्थ कळला तसे लोक रडू लागले. इथं आजचा एखादा वक्ता की-बोर्डवाल्याला खूण करील. एज्रा, नहेम्या आणि लेवी काय करतात? ते रडणं थांबवतात. घरी जा, गोडधोड खा-प्या, आणि ज्याच्या घरी काही शिजलेलं नाही त्याला ताट पाठवा, असं सांगतात. लोक गेले आणि त्यांनी तसंच केलं, कारण सांगितलेली वचनं त्यांना समजली होती. आमच्या फाटकाबाहेरचा ड्रम मला या अध्यायातला वाटतो.

दुःखापेक्षाही भीती ही भावना जास्त सहज हाताशी येते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. गणपती बोळवून लोक झोपलेले. लातूर-धाराशिव भागातली दगडमातीच्या रुंद भिंतींची, वर मातीचा भार असलेली माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. हजारो गेली. त्यानंतरच्या महिन्यांत मी व्यासपीठावरून ऐकलंय, की हा पापाचा दंड आहे, आता तरी जागे व्हा. बोलणाऱ्याचा आवाज भरून आलेला होता. त्याचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. पण शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली त्याबद्दल येशूनं हाच प्रश्न काढला, आणि त्यानं स्पष्ट सांगितलं की ती माणसं यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी नव्हती. पश्चात्तापाचं त्यानं सांगितलं ते जिवंत असलेल्या सगळ्यांना, मेलेल्यांकडे बोट न दाखवता. माळवदाखाली गेलेल्या लेकराचं पाप शोधणारा संदेश त्यानं दिला नसता. असा संदेश ऐकणारा जागा होतो खरा, पण देवाला घाबरून. मग तो देवाजवळ जाईल कसा?

मुलांच्या बाबतीत तर मला राहवत नाही. एका मुलांच्या सभेत वक्त्यानं सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि विचारलं, "आज रात्री तुम्ही मेलात तर कुठं जाल? आई स्वर्गात आणि तुम्ही दुसरीकडं, असं झालं तर?" हात वर करा म्हटलं. सगळे हात वर आले. हात वर न करायची हिंमत कुणाची होणार? माझ्या वर्गातली एक मुलगी त्यानंतर कितीतरी दिवस रात्री उठून आईचा श्वास चालू आहे का ते पाहायची. तिच्या आईनं मला हे दारात उभं राहून, हळू आवाजात सांगितलं, जणू मुलीचंच काही चुकलं होतं. येशूनं बालकांना कवेत घेतलं, त्यांच्यावर हात ठेवले आणि आशीर्वाद दिला. त्यानं त्यांच्याकडून त्या वेळी काही कबूल करून घेतल्याचं कुणी लिहिलेलं नाही.

याचा अर्थ मुलांना फक्त सुवर्णवचनं पाठ करायला लावावी आणि रंगीत चित्रं वाटावी असा होत नाही. मुलांचं भावविश्व आपल्याला वाटतं त्याहून खोल असतं. योहानाचा अकरावा अध्याय मी वर्गात वाचायला घेते तेव्हा दोन मुलींना उभं करते. एक मार्था, एक मरीया. दोघींच्या तोंडी एकच वाक्य आहे: "प्रभूजी, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता." अक्षरशः तेच. मार्थेला येशू उत्तर देतो, पुनरुत्थान व जीवन मीच आहे, म्हणून सांगतो, आणि तुझा विश्वास आहे का असं विचारतो. मरीयेला तो यातलं काहीच सांगत नाही. तो व्याकूळ होतो, त्यांच्या मेलेल्या भावाला, लाजराला, कुठं ठेवलंय ते विचारतो, आणि रडतो.

गेल्या खेपेला एका मुलानं विचारलं, "बाई, मार्थेसाठी का नाही रडला?" मी उत्तराची घाई केली नाही. मरीया झालेली मुलगी, जी एरवी वर्गात तोंड उघडत नाही, ती म्हणाली, "मार्था बोलत होती ना त्याच्याशी. मरीया तर पाया पडून रडतच होती. रडणाऱ्याला काय सांगणार?" दुसरा म्हणाला, "पण त्याला माहीत होतं की लाजर उठणार आहे. मग तो तरी का रडला?" यावर वर्ग बराच वेळ बोलत होता. एकानं सांगितलं की त्याचे आजोबा गेले तेव्हा घरी आलेला प्रत्येक जण म्हणत होता, रडू नको, ते देवाघरी गेले. "ते खरं होतं, पण मला रडायचं होतं." दहा-अकरा वर्षांचं पोर हे बोललं. त्या दिवशी मी वचन पाठ करून घेतलं नाही, तरी तो अध्याय त्या मुलांना कायमचा आला असेल असं मला वाटतं.

पाळक घडवताना हे शिकवलं जावं, असं माझं मागणं आहे. संदेश कसा बांधावा हे शिकवतातच. पण मार्था समोर आहे की मरीया, हे ओळखायला शिकवणंही तितकंच गरजेचं आहे. गळफास घेतलेल्या शेतकऱ्याच्या अंगणात "परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले" हे वाक्य मी पहिल्या पाच मिनिटांत उच्चारलेलं ऐकलंय. ते वाक्य बायबलमधल्या ईयोबाचं आहे. ज्याची मुलं गेली होती त्यानं स्वतः म्हटलेलं. त्याचे मित्र आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर नुसते बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. त्यांचं जे काही बरोबर होतं ते त्या सात दिवसांतच. स्तोत्रसंहितेतली कितीतरी स्तोत्रं विलापाची आहेत, आणि अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची एक ओळसुद्धा नाही. ते आपण उपासनेत कधी वाचतो? आनंदाची स्तोत्रं निवडून वाचणारी मंडळी दुःखी माणसाला नकळत सांगत असते की बरा होऊन ये, मग गाऊ.

यंदाच्या मे महिन्यातल्या व्हीबीएसची, म्हणजे मुलांच्या सुट्टीतल्या बायबल वर्गाची, बैठक नुकतीच झाली. गोष्ट सांगताना दिवे चालू राहतील, डोळे मिटायला सांगायचं नाही, कुणाला हात वर करायला लावायचं नाही, आणि गोष्टीनंतर निदान पंधरा मिनिटं मुलांच्या प्रश्नांसाठी ठेवायची, असं मी मांडलं. मंडळीतले एक वडीलधारे काका, ज्यांनी आयुष्यभर सायकलवरून खेडोपाडी शुभवर्तमान सांगितलंय, ते अस्वस्थ झाले. म्हणाले, "बाई, मी स्वतः अशाच सभेत नवव्या वर्षी हात वर केला होता. भीतीनंच केला होता. पण तो हात मी अजून खाली घेतलेला नाही. ही मुलं निर्णय कधी घेणार मग?"

त्यांचं म्हणणं मी खोडून काढू शकत नाही, आणि मला तसं करायचंही नाही. देव भीतीतूनही माणसाला गाठतो. काका त्याचं उदाहरण म्हणून समोर बसले होते. पण देवाला जे जमतं ते करायचा परवाना मला मिळतो असं नाही. मी त्यांना तेच सांगितलं, आणि विचारलं की पहिल्या दिवशीची गोष्ट तुम्ही सांगाल का, उधळ्या पुत्राची, आणि नंतर प्रश्नांना बसाल का. ते हो म्हणाले. मात्र एक अट घातली: गोष्ट सांगताना मला रडू आलं तर कुणी माइक काढून घ्यायचा नाही. ती आम्ही सगळ्यांनी मान्य केली.